पाचही स्वर असलेले लांब इंग्रजी शब्द आणि त्यांचे अर्थ

टिपकागद:
नमस्कार मंडळी. माझी भाची सातवीत आहे, सेमी इंग्रजीत. परवा रात्री जेवताना म्हणाली, "मावशी, एज्युकेशनमध्ये पाचही व्हॉवेल आहेत, माहीत होतं तुला?"

एकतीस वर्षं मी तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवलं. हा शब्द फळ्यावर किती वेळा लिहिला असेल त्याला गणती नाही, पण त्यातले स्वर कधी मोजले नव्हते. ई, यू, ए, आय, ओ. पाचही आहेत आणि प्रत्येक एकदाच आहे. मला इतका आनंद झाला की हात धुवायचे राहिले आणि आम्ही दोघी तिथेच दुसरा शब्द शोधायला बसलो. तो ताटातच सापडला: कॉलिफ्लॉवर. सी-ए-यू-एल-आय-एफ-एल-ओ-डब्ल्यू-ई-आर. अकरा अक्षरं, पाच स्वर.

आता एक वही केली आहे. डाव्या पानावर स्पेलिंग, उजव्या पानावर अर्थ. नियम असे ठरले: शब्दात नऊ किंवा अधिक अक्षरं हवीत. पाचही स्वर हवेत, शक्यतो एकेकदाच. आणि माझी अट अशी की तो शब्द तिला मराठीत समजावून सांगता आला पाहिजे, कुठून आला तेही सांगता आलं पाहिजे. नुसती यादी नको.

शब्द सुचवा. आणि असा सर्वांत लांब शब्द कोणता, तेही कुणाला माहीत असेल तर सांगा.

मधली_सुट्टी:
प्रीकॉशन, रेग्युलेशन, रेप्युटेशन, पर्स्युएशन, एक्झॉशन. सगळे दहा-दहा अक्षरी. बसमध्ये बसल्या बसल्या सुचले, घरी पोचेपर्यंत आणखी सुचतील.

रातराणी:
ताई, तुमच्या ताटातल्या शब्दाबद्दल थोडं सांगते. कॉलिफ्लॉवरमधला 'कॉलि' लॅटिन 'कॉलिस'वरून आला. त्याचा अर्थ देठ, आणि पुढे कोबीवर्गातली भाजी. त्याच कॉलिसचं पोर्तुगीजमध्ये 'कोव्ह' झालं आणि पोर्तुगीजांकडून आपल्याकडे 'कोबी' आला. म्हणजे मंडईत आपण कोबी आणि फ्लॉवर अशी दोन नावं घेतो खरी, पण कॉलिफ्लॉवरमधला कॉलि आणि आपला कोबी मूळचे एकच. भाचीला सांगा, कॉलिफ्लॉवर म्हणजे कोबीचं फूल. उजव्या पानावर तेवढं पुरे.

टिपकागद:
रातराणी, हे मला अजिबात ठाऊक नव्हतं. आजच लिहिते वहीत. मधली_सुट्टी, तुमचे पाचही शब्द तपासले, पाचही बसतात.

घड्याळी_तास:
माझा शब्द प्रिकेरियस. पी-आर-ई-सी-ए-आर-आय-ओ-यू-एस, दहा अक्षरं.

शब्दकोशात अर्थ सापडेल 'अनिश्चित, डळमळीत'. मुळात लॅटिन 'प्रेकारियस' म्हणजे विनवणी करून मिळालेलं. जे मागून मिळालं ते देणाऱ्याच्या मर्जीवर असतं, तो केव्हाही परत घेऊ शकतो, म्हणून ते डळमळीत. संस्कृतातला 'प्रच्छ्' धातू, ज्यावरून आपण पृच्छा म्हणतो, तो याच कुळातला.

मी नऊ वर्षं एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो आहे. दर जूनमध्ये अर्ज, दर जूनमध्ये मुलाखत, घेतलेल्या तासांचे पैसे कधी दिवाळीनंतर तर कधी होळीनंतर. या शब्दाचं मूळ मला तिसऱ्या वर्षी कळलं. त्या दिवशी वाटलं की माझ्या नोकरीला कुणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी नाव देऊन ठेवलं आहे. मुलीला हा शब्द जरूर शिकवा, आणि मागून मिळालेलं आणि हक्काचं यातला फरकही सांगा.

रातराणी:
घड्याळी_तास, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. यंदाच्या जूनमध्ये तरी मनासारखं होवो.

कोड_आणि_कोडी:
छान धागा. मधली_सुट्टी आणि घड्याळी_तास यांचे शब्द शेजारी ठेवून पाहिले तर एक गंमत दिसते. इंग्रजीत शब्दाच्या शेवटी लागणारे दोन तुकडे आपलं निम्मं काम करून देतात.

एक आहे 'शन', म्हणजे टी-आय-ओ-एन किंवा एस-आय-ओ-एन. त्यात आय आणि ओ आयते मिळतात. मग शब्दाच्या पुढच्या भागात फक्त ए, ई आणि यू शोधायचे: एज्युकेशन, रेग्युलेशन, प्रीकॉशन.

दुसरा आहे आय-ओ-यू-एस. हा तर तीन स्वर देतो, उरले ए आणि ई. पुष्कळ शब्दांत हे 'आधी ई मग ए' अशा क्रमाने येतात आणि मग सगळ्यांचा साचा एकच होतो: ई-ए-आय-ओ-यू. प्रिकेरियस त्यातलाच. आणखी घ्या:

ग्रिगेरियस: माणसांत रमणारा. लॅटिन 'ग्रेक्स' म्हणजे कळप. काँग्रिगेशन आणि सेग्रिगेशन याच कळपातले.
टिनेशस: चिवट, धरलेलं न सोडणारा. लॅटिन 'तेनेरे' म्हणजे धरणं.
नेफॅरियस: अधर्मी, दुष्ट. 'फास' म्हणजे धर्माला मान्य असलेलं आणि त्याआधीचा नकार तोच, जो आपल्या 'न'मध्ये आहे.
व्हेरेशस: खरं बोलणारा. याच्या दुसऱ्या अक्षरात ई ऐवजी ओ टाकला की होतो व्होरेशस, म्हणजे अधाशी, आणि तो आपल्या चाळणीतून गळतो, कारण त्यात ई राहत नाही. एका अक्षराने सत्यवादी माणूस खादाड होतो, म्हणून परीक्षेत जपून लिहा.

आता उलट, 'आधी ए मग ई' असे शब्द पाहा. तिथे वर्णमालेचाच क्रम मिळतो: ए, ई, आय, ओ, यू. असे दोन शब्द प्रसिद्ध आहेत. फसीशस (एफ-ए-सी-ई-टी-आय-ओ-यू-एस) म्हणजे गंभीर प्रसंगी नको तिथे विनोद करणारा, आणि ॲबस्टीमियस (ए-बी-एस-टी-ई-एम-आय-ओ-यू-एस) म्हणजे खाण्यापिण्यात संयमी. दोन्हींना शेवटी एल-वाय लावलं की वायसुद्धा रांगेत येऊन उभा राहतो.

पायी_वारी:
ॲबस्टीमियस हा शब्द मला फार आवडला. त्याच्या मुळात 'तेमेतुम' म्हणजे मद्य आहे आणि 'ॲब्स' म्हणजे त्यापासून दूर. अर्थ नंतर पसरून एकूणच मिताहारापर्यंत आला. भाचीला 'संयमी' म्हणून सांगितलं तर ते कोरडं वाटेल. त्यापेक्षा 'माळकरी' म्हणा. आमच्या आजोबांनी माळ घातली आणि दारू-मटण सुटलंच, पण जेवणही दोन भाकरींवर आलं. इंग्रजीतल्या त्या शब्दाचा प्रवास आजोबांच्या ताटात दिसला होता.

मधली_सुट्टी:
'माळकरी' अगदी चपखल. +१

दप्तर_जड:
लांब शब्द म्हटल्यावर आमच्या लहानपणी एकच असायचा: ॲन्टिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम. २८ अक्षरं. एका दमात म्हणून दाखवला की चुलतभाऊ पेरू द्यायचा. तो नाही का चालणार?

कोड_आणि_कोडी:
दप्तर_जड, मीही आधी तोच मोजला. त्यात ओ नाही आणि यूसुद्धा नाही. २८ अक्षरांत ए, ई, आय एवढेच तीन फिरून फिरून येतात.

दुसरा नावाजलेला म्हणजे फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन, २९ अक्षरं. अर्थ आहे 'एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं'. त्यात आय नऊ वेळा आहे, पण ई एकदाही नाही. गेला. अर्थाच्या दृष्टीने पहिला शब्दच जास्त वजनाचा आहे. १९व्या शतकात इंग्लंडमध्ये चर्चला राज्याचा आश्रय असावा की नसावा असा वाद होता. आश्रय काढून घ्या म्हणणाऱ्यांना जे विरोध करत, त्यांची ही भूमिका.

दप्तर_जड:
मग पंचेचाळीस अक्षरांचा? न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. त्यात तरी पाचही असतील.

कोड_आणि_कोडी:
मोजला. पाचही आहेत. ओ आणि आयची गर्दी आहे, मात्र ई अख्ख्या ४५ अक्षरांत एकच, अगदी सुरुवातीला. इंग्रजीत सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं अक्षर इथे एकदाच यावं हे नवल आहे. 'शक्यतो एकेकदाच' या अटीत बसत नाही, पण पाच स्वरांच्या अटीत बसतो.

पाटीपेन्सिल:
या शब्दावर थोडं थांबू या का?

तो १९३५ साली अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या एका मंडळाच्या अध्यक्षांनी मुद्दाम लांब म्हणून घडवला. पुढे शब्दकोशांतही गेला. अर्थ असा की ज्वालामुखीची अतिसूक्ष्म सिलिका-धूळ फुप्फुसात जाऊन होणारा आजार. डॉक्टर मंडळी सिलिकाच्या धुळीच्या आजाराला साधं सिलिकोसिस म्हणतात.

मी माझं नाव इथे पाटीपेन्सिल घेतलं ते पहिलीतल्या आठवणीसाठी. नंतर कळलं की मध्य प्रदेशातल्या मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापण्याचा धंदा होता आणि दगड कापताना उडणाऱ्या धुळीने तिथल्या कितीतरी कामगारांना सिलिकोसिस झाला. कापणारे पुष्कळसे तरुण होते. आपण ज्या पेन्सिलीने अ-आ-इ गिरवलं, ती पेन्सिल घडवताना कुणाचा तरी श्वास गेला. या आजाराला उतारा नाही. धूळ होऊ न देणं, पाणी मारून कापणं, धूळ ओढून घेणारं यंत्र बसवणं हाच उपाय.

शब्द खेळासाठी जन्मला, आजार खराखुरा आहे. ताई, वहीच्या उजव्या पानावर एवढं लिहाल?

टिपकागद:
लिहीन. तिला सांगितलंही. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग विचारलं, "आता त्या मशीनला धूळ ओढायचं बसवलंय का?" मला उत्तर देता आलं नाही.

जुनी_वही:
धागा आवडला असला तरी माझं मत वेगळं आहे, स्पष्टच लिहितो. मीही शिक्षक होतो. मुलांना एका ओळीचं पत्र धड लिहिता येत नाही आणि आपण त्यांना नेफॅरियस शिकवायचं? हे शब्द तिला आयुष्यात कितीदा लागणार? स्वर मोजणं ही आकडेमोड आहे, भाषा नव्हे. आणि मुळात इंग्रजीत स्वर पाच हेच चूक आहे. ती पाच अक्षरं आहेत. इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात स्वरांचे ध्वनी वीसच्या आसपास धरतात. एज्युकेशन बोलून पाहा, पाच वेगळे स्वर ऐकू येतात का? शेवटचा ओ तर जवळजवळ गिळलेलाच असतो. आपण मुलांना अक्षरं शिकवतो आणि उच्चार राहून जातो, तिथेच आपली मुलं अडखळतात.

टिपकागद:
सर, उच्चारांचं तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. मीही वर्गात अक्षर आणि ध्वनी यांत गल्लत केली आहे, आता भाचीला 'स्वर-अक्षरं' म्हणायला लावते.

पण बाकीच्याबद्दल माझा अनुभव सांगते. आमच्या वर्गात स्पेलिंग पाठ करायचं म्हणजे पन्नास वेळा लिहायचं. पोरं लिहायची, शनिवारी विसरायची. कारण सी-ए-यू-एल-आय ही त्यांच्यासाठी नुसती पाच अक्षरं होती. परवापासून भाची फ्लॉवरचं स्पेलिंग चुकलेली नाही, आणि ते पाच स्वरांमुळे जितकं, तितकंच कोबीमुळे. मोजायला म्हणून ती शब्दाजवळ गेली आणि अर्थाशी थांबली. पन्नास वेळा लिहायला लावलेल्या पोरांची मला आता फार आठवण येते.

सातासमुद्रापार:
जुनी_वही सर, इकडे अमेरिकेतल्या स्पेलिंग बीबद्दल लोकांना वाटतं की मुलं शब्दकोश घोकतात. घोकतातही. पण मंचावर शब्द दिल्यावर मुलाला विचारायची मुभा असते: अर्थ काय, कोणत्या भाषेतून आला, वाक्यात वापरून दाखवा. मुलं ते विचारतात, कारण ग्रीकमधून आला कळलं की 'फ'साठी पी-एच असणार, फ्रेंचमधून आला की शेवटची अक्षरं मुकी असू शकतात, असा अंदाज बांधता येतो. १९८५ साली बालू नटराजन हा भारतीय वंशाचा पहिला विजेता ठरला. १९९९ मध्ये नूपुर लाला जिंकली, त्यानंतर तर रांगच लागली. २०१९ मध्ये आठ जण संयुक्त विजेते झाले, त्यांत सात जण भारतीय वंशाचे. माझा मुलगा फक्त शाळेच्या पातळीपर्यंत पोचला, पण 'हा शब्द कुठून आला?' ही सवय त्याला लागली ती लागलीच.

वहीसाठी दोन शब्द देते: बिहेव्हियर आणि फेव्हरिट. दोन्ही नऊ अक्षरी, पाचही स्वर. मात्र ते आपल्याकडच्या ब्रिटिश स्पेलिंगमध्येच. इकडे यू गाळतात, त्यामुळे इथल्या मुलाला हा खेळ या दोन शब्दांवर खेळता येत नाही. यू गाळण्याची ही पद्धत रूढ केली ती नोआ वेब्स्टरच्या शब्दकोशाने, १८२८ मध्ये तो मोठा कोश आला.

आणि लांब नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही: सिक्वोया. सातच अक्षरं, त्यांत पाच स्वर. कॅलिफोर्नियात ही झाडं पाहिली, मान मोडेपर्यंत वर बघितलं. १८४७ साली एका ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने हे नाव दिलं. चेरोकी लोकांसाठी १८२१ च्या सुमारास लिपी घडवणाऱ्या सिक्वोया या माणसावरून ते दिलं असावं असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. ती लिपी इंग्रजीसारखी सुट्या अक्षरांची नाही, एका उच्चाराला एक चिन्ह. आपल्या का, कि, कु सारखी.

संत्राबाग_वरूड:
मी इथं फक्त वाचायला येतो, इंग्रजी आपला प्रांत नाही. पण एक शब्द आमच्या धंद्यातला आहे म्हणून लिहून राहिलो.

इनॉक्युलेट. आय-एन-ओ-सी-यू-एल-ए-टी-ई. नऊ अक्षरं, पाच स्वर. पोरीनं दाखवला कृषी महाविद्यालयाच्या पुस्तकात. लॅटिनमध्ये 'ऑक्युलस' म्हणजे डोळा. इनॉक्युलेट म्हणजे डोळा आत बसवणं.

आता आमच्याकडं शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकेत या. संत्र्याचं कलम करतो त्याला आम्ही काय म्हणतो? डोळा भरणं! जंभेरीचा खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की त्याच्या सालीला इंग्रजी टीच्या आकाराचा छेद द्यायचा, चांगल्या झाडाच्या काडीवरचा डोळा अलगद काढायचा, छेदात सरकवायचा आणि प्लास्टिकच्या पट्टीनं बांधायचा. डोळा हिरवा राहिला तर लागला, काळा पडला तर गेला. आमचा बा हेच करत होता, त्याला शाळा माहीत नव्हती. हजारो कोसांवर, हजारो वर्षांमागं रोमन माणसानंही त्याला डोळाच म्हटलं, हे वाचून अंगावर काटा आला बाप्पा.

रातराणी:
अप्रतिम. वाचनखूण साठवली.

टिपकागद:
दादा, 'इंग्रजी आपला प्रांत नाही' असं पुन्हा म्हणू नका. हा शब्द समजावणारं तुमच्याइतकं चांगलं मला कुणी भेटलं नव्हतं. आणि एक फायदा असा की ऑक्युलस कळला की एन एकच हे पक्कं होतं. मी स्वतः कित्येक वर्षं दोन एन लिहायचे.

गोळ्या_औषधे:
वरूडकरांच्या डोळ्यावरूनच पुढे जातो. झाडाच्या अंगात दुसऱ्याचा डोळा बसवतात, तसं माणसाच्या अंगात रोगाचा अंश घालायचा, म्हणून लस टोचण्यालाही इनॉक्युलेट म्हणू लागले. मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या संस्थेला १९२५ पासून त्यांचं नाव आहे.

माझे दोन शब्द जोडीने घ्या: न्यूमोनिया आणि सल्फोनामाइड. पहिल्यात नऊ अक्षरं, दुसऱ्यात 'फ'साठी पी-एच लिहिलं तर बारा, दोन्हींत पाचही स्वर एकेकदाच. जुन्या लोकांना 'सल्फाच्या गोळ्या' आठवत असतील. पेनिसिलिन बाजारात येण्याआधी, १९३८ पासून याच कुळातल्या गोळ्यांनी न्यूमोनियाचे रोगी वाचायला लागले. रोग आणि त्याचं औषध, दोघांच्या नावात तेच पाच स्वर. दुकानात वीस वर्षं ही नावं वाचतोय, आज पहिल्यांदा दिसलं.

डावखुरी:
मला १५ अक्षरांचा एक माहीत आहे, एकही अक्षर पुन्हा येत नाही: डर्मॅटोग्लिफिक्स. बोटांच्या आणि तळव्यांच्या रेघांचा अभ्यास.

कोड_आणि_कोडी:
अक्षरं एकदाच येतात हे खरं, पण त्यात यू नाही. म्हणून वहीबाहेर.

मधली_सुट्टी:
या शब्दाचं नाव काढलंत म्हणून सावध करते. माझ्या मुलाच्या शाळेत एकांनी दहा बोटांचे ठसे घेऊन 'मुलाची बुद्धी कुठल्या प्रकारची' याचा जाडजूड अहवाल विकला होता. आम्ही चांगले पैसे मोजले. पहिल्या पानावर हाच शब्द मोठ्या अक्षरात होता, म्हणून विश्वास बसला. बोटांच्या रेघांवरून बुद्धी किंवा आवड कळते याला शास्त्राचा आधार नाही. ठशांवरून माणूस ओळखता येतो, तेवढंच खरं. त्या अहवालात मुलाला 'संगीतात गती नाही' असं लिहिलं होतं आणि त्याने तबला सोडला. त्याचं वाईट अजून वाटतं.

डावखुरी:
अरेरे. त्याला पुन्हा बसवा तबल्यावर, अजून उशीर झालेला नाही.

बरं, यू असलेला देते. अँबिडेक्स्ट्रसली. ए-एम-बी-आय-डी-ई-एक्स-टी-आर-ओ-यू-एस-एल-वाय. १४ अक्षरं, एकही पुन्हा नाही, पाचही स्वर आणि वर वायसुद्धा. अर्थ: दोन्ही हातांनी सारख्याच सफाईने.

लॅटिन 'अँबि' म्हणजे दोन्ही आणि 'डेक्स्टर' म्हणजे उजवा. आपला 'दक्षिण' त्याचाच भाऊ, पूर्वेकडे तोंड केलं की दक्षिण उजवीकडे येते. म्हणजे ज्याचे दोन्ही हात उजवेच आहेत असा. लहानपणी डाव्या हाताने जेवले म्हणून पाठीत धपाटे खाल्लेल्या मला या शब्दाचा रागच यायचा. डाव्याचं कौतुक करतानाही त्याला उजवा म्हणायचं!

पायी_वारी:
डावखुरी, तुम्हाला एक गोष्ट सांगतो. विराटपर्वात अर्जुन उत्तराला आपल्या दहा नावांचे अर्थ सांगतो. सव्यसाची का म्हणतात हे सांगताना तो म्हणतो की गांडीव ओढताना माझे दोन्ही हात दक्षिणच, म्हणजे उजवेच. लॅटिन शब्दाची फोड आणि अर्जुनाचं वाक्य एकच आहे. पण नाव बघा काय पडलं: संस्कृतात 'सव्य' म्हणजे डावा. दोन्ही हात उजवे असलेल्या त्या वीराला लोकांनी ओळखलं ते डाव्या हातावरून.

डावखुरी:
हे वाचून डोळ्यांत पाणी आलं, खरंच. आईला फोन करून सांगते आता.

दप्तर_जड:
ज्यात एकही स्वर नाही असा शब्द चालेल का? रिदम्स. आर-एच-वाय-टी-एच-एम-एस.

घड्याळी_तास:
वाय तिथे स्वराचंच काम करतो. त्याच जातीतला सिझिजी घ्या: एस-वाय-झेड-वाय-जी-वाय, तीन वाय. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येणं. म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमा, ज्यांच्या आसपास समुद्राला उधाण असतं. ग्रीक 'झिगॉन' म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू. संस्कृत युग, आपलं जू आणि इंग्रजी योक, सगळे सख्खे. अवांतर झालं, पण जुवाची जोडी आकाशात पाहायला मिळाली म्हणून लिहिलं.

जुनी_वही:
काल रात्री सगळा धागा पुन्हा वाचला. डोळा भरणे आणि सव्यसाची यांनंतर 'आकडेमोड' हा माझा शब्द मागे घेतो. उच्चारांचा मुद्दा कायम आहे. वहीत उजव्या पानावर उच्चारही लिहायला लावा, आघात कुठे येतो त्यासह.

माझ्याकडून दोन: सबॉर्डिनेट, अकरा अक्षरी. 'सब' म्हणजे खाली, 'ऑर्डो' म्हणजे ओळ, क्रम. ओळीत खालचा. आणि कम्युनिकेट, तोही अकरा अक्षरी. कॉमनच्याच मुळातला, आपल्याजवळचं सगळ्यांचं करणं.

कोड_आणि_कोडी:
ताईंचा मूळ प्रश्न, सर्वांत लांब कोणता, तो राहिलाच. रोजच्या वापरातले आणि पाचही स्वर एकेकदाच असलेले, असं धरलं तर माझ्या हाती १५ अक्षरी दोन लागले. अनकॉम्प्लिमेंटरी, म्हणजे न गौरवणारं, टीकेचं. आणि अनकॉपीराइटेबल, ज्यावर कॉपीराइट घेता येत नाही असं, उदाहरणार्थ नुसती कल्पना. दुसरा वरचढ आहे, कारण त्याच्या १५ अक्षरांत एकही अक्षर पुन्हा येत नाही. अट सैल केली तर दप्तर_जड यांचा ४५ अक्षरी आहेच.

टिपकागद:
सगळ्यांचे मनापासून आभार. वहीत चोवीस शब्द झाले. जुनी_वही सरांच्या सांगण्यावरून उच्चारांचा रकाना आखला आहे.

एक बातमी द्यायची आहे. फसीशसमध्ये स्वर सुलट क्रमाने येतात हे कळल्यापासून भाचीच्या डोक्यात एकच होतं: उलट क्रमाने येणारा शब्द असेल का? यू, ओ, आय, ई, ए. मला सुचेना. काल ती भूगोलाचा अभ्यास करत होती. सेमीत भूगोल मराठीतच असतो. मध्येच तिने विचारलं, "मावशी, उपखंडाला इंग्रजीत काय म्हणतात?" मी म्हटलं, सबकाँटिनेंट. तिने वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. यू, ओ, आय, ई. चार झाले. "ए नाही," असं म्हणून खोडायला घेतलं, मग थांबली. "उपखंडीय म्हणायचं असेल तर?"

सबकाँटिनेंटल. १४ अक्षरं.

कोड_आणि_कोडी:
तपासलं. यू, ओ, आय, ई, ए. अगदी बरोबर. हा शब्द माझ्या यादीत पहिल्या दिवसापासून होता आणि मला दिसला नव्हता. माझ्या अनकॉम्प्लिमेंटरीतही तोच उलटा क्रम आहे, तोही आत्ता बघितला. तिला शाबासकी सांगा.

संत्राबाग_वरूड:
पोरीला आमच्याकडून एक पेटी संत्री. आंबिया बहार उतरला की पाठवतो, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा.